"मावशी, हात लावू नका!"

त्या दिवशीची ती पाचवी किमो. डॉक्सोरुबिसिन, आमच्याकडे सगळे 'लाल किमो'च म्हणतात. पिशवी स्टँडला अडकवायला गेले आणि सलाइनच्या नळीच्या सेटचा स्पाइक, म्हणजे पिशवीत खुपसायचं टोक, निसटला. चूक माझीच. घाईत स्पाइक अर्धाच बसवला होता. शिवाय सेट आधी साध्या सलाइनने भरून घ्यायचा असतो, तेही टाळलं होतं.

कोकम सरबत सांडावं तसं फरशीवर लालभडक थारोळं. सफाईच्या मावशी नेहमीच्या तत्परतेने फडकं घेऊन वाकल्या आणि मी केवढ्यांदा ओरडले! सगळं डे-केअर माझ्याकडे बघायला लागलं. पेशंटसमोर असं ओरडायचं नसतं, तेच औषध त्यांच्या शिरेत जाणार असतं. पण शिरेबाहेर झिरपलं तर मांस जाळणारं हे औषध मावशींच्या उघड्या बोटांपासून वीतभर अंतरावर होतं.

सांडलेलं औषध आवरायचं स्पिल किट उघडलं तर आतला एन-९५ मास्क कुणीतरी आधीच पळवलेला. दुसरा शोधला, गाऊन चढवला, ग्लोव्हजचे दोन जोड घातले. कडेकडून मधे येत शोषक पॅडने टिपलं, मग साबणाच्या पाण्याने तीनदा पुसलं. सगळं 'सायटोटॉक्सिक', म्हणजे पेशींना घातक, अशा लेबलच्या पिवळ्या पिशवीत, जाळायला.

मावशी लांब उभ्या राहून बघत होत्या. मी गाऊन काढल्यावर हळूच म्हणाल्या, "सिस्टर, लाल किमोवाल्यांची लघवीपण लालच येते की. ते पॉट मीच धुते."

मी गप्पच. किमोनंतर ४८ तास लघवी, उलटी, घामाचे कपडे ग्लोव्हजशिवाय हाताळू नका, हे आम्ही प्रत्येक नातेवाइकाला घरी पाठवताना बजावतो. मावशींना कुणी सांगितलंच नव्हतं. मीसुद्धा नाही, आणि चार वर्षं एकाच वॉर्डात आहोत. त्या कंत्राटी, ट्रेनिंगच्या यादीत त्यांचं नावच नसतं.

संध्याकाळी इन्चार्ज सिस्टरांना सांगून इंडेंटमध्ये, म्हणजे स्टोअरकडच्या मागणीच्या यादीत, किमोसाठी वापरायच्या नायट्राइल ग्लोव्हजचा आकडा वाढवला. स्टोअरमधून लगेच फोन.

"सिस्टर, स्टाफ वाढला का?"

"नाही. मावशींसाठी."

"मावशींना कशाला नायट्राइल?"

ते बोलणं बरंच लांबलं. माझी शेवटची बस चुकली.