कोऱ्या पिंपातली माल्ट

व्हिस्कीची बाटली हातात आली की बहुतेक जण तिचं वय बघतात. मी आधी लाकूड कुठलं ते शोधतो. आमचं घर वेंगुर्ल्याकडच्या होड्या बांधणाऱ्या सुतारांचं. बाबा फळी आधी हुंगायचे आणि मगच तिच्याबद्दल बोलायचे. ती सवय मला लागली ती लागलीच.

जहाजावर असलेल्या भाच्याने या खेपेला डीन्स्टनची ‘व्हर्जिन ओक’ आणली. डीन्स्टन ही स्कॉटलंडच्या हायलँड्समधली, टीथ नदीकाठची डिस्टिलरी. पूर्वी तिथे कापडाची गिरणी होती. या माल्टचा, म्हणजे मोड आणलेल्या जवापासून गाळलेल्या व्हिस्कीचा, मुक्काम आधी बर्बन या अमेरिकन व्हिस्कीच्या वापरलेल्या पिंपांत असतो आणि शेवटी ती कोऱ्या ओकच्या पिंपात जाते. बाटली घेऊन मी पेडण्याला मावसभावाकडे, अण्णांकडे गेलो. त्यांच्याकडे पॉल जॉनची ‘ब्रिलियन्स’ होती. तीही सिंगल माल्ट, म्हणजे एकाच डिस्टिलरीत गाळलेली माल्ट, पण इथलीच, कुंकळ्ळीची, आणि बर्बनच्या जुन्या पिंपांत मुरलेली. एकीकडे थंडी आणि नवं लाकूड, दुसरीकडे उकाडा आणि जुनं लाकूड. दोन्ही शेजारी ठेवून चाखायला याहून चांगली जोडी मिळाली नसती.

स्कॉच किमान ३ वर्षं ओकच्याच पिंपात ठेवावी लागते आणि ते पिंप ७०० लिटरपेक्षा मोठं चालत नाही, असा तिथला कायदा आहे. पिंप नवं की जुनं, यावर मात्र बंधन नाही. अमेरिकेत उलट आहे. बर्बनला आतून जाळलेलं कोरं ओक लागतं, त्यामुळे एकदा वापरलेली पिंपं त्यांना बर्बनसाठी पुन्हा चालत नाहीत. ती स्वस्तात स्कॉटलंडला जातात. म्हणून माल्ट सहसा दुसऱ्याने वापरून झालेल्या लाकडात वाढते आणि कोऱ्या लाकडातली माल्ट क्वचित भेटते.

आता लाकडाविषयी, कारण खरी गोष्ट तिथेच आहे. पांढऱ्या ओकच्या गाभ्यातल्या पाणी वाहणाऱ्या नळ्या झाड जुनं होताना आतून बुजत जातात, म्हणून त्याचं पिंप गळत नाही. लाल ओकच्या नळ्या उघड्याच राहतात. फळ्या चिरल्या की त्या कित्येक महिने, कधी दोन-तीन वर्षंसुद्धा, उघड्यावर उन्हापावसात रचून ठेवतात, म्हणजे कडवट तुरटपणा धुऊन जातो. हे वाचलं तेव्हा मला बाबा आठवले. ताजी चिरलेली फळी ते होडीला कधीच लावू देत नसत, गिऱ्हाईक कितीही घाईत असो. मग पिंप आतून जाळतात. लाकडाला घट्टपणा देणाऱ्या लिग्निनमधून व्हॅनिलिन, म्हणजे व्हॅनिलाचा वास देणारं द्रव्य, सुटतं, साखरी अंश करपून टॉफीसारखा गोडवा येतो, वरचा कोळसा कच्च्या दारूतला गंधकी वास शोषून घेतो. अमेरिकन ओकमधल्या लॅक्टोन नावाच्या वासाच्या द्रव्याला तर चक्क नारळाचा वास असतो. अण्णांना यातलं काही सांगितलं नव्हतं. डीन्स्टनचा ग्लास नाकाशी नेला आणि ते म्हणाले, “रे, हेका खोबऱ्याचो वास येता!”

मला पहिल्या घोटात गूळ, सुंठ आणि रंध्याखालून निघालेल्या ताज्या ढलप्यांचा वास मिळाला. शेवटी जिभेच्या कडा आवळल्या, काजूच्या बोंडूचा रस प्यायल्यावर आवळतात तशा. चमचाभर पाणी घातलं आणि तुरटपणा मागे सरून मध आणि संत्र्याची साल पुढे आली. पाणी जरूर घाला, ही दारू ४६.३ टक्क्यांची आहे. बर्फ मात्र नको, त्याने वासच गोठतो. ‘ब्रिलियन्स’ वेगळी: मध आहे, कोकोही आहे, पण लाकूड मागच्या ओटीवर बसलेलं. जवाची चव आधी कळते.

कोऱ्या लाकडावर काही जाणकार नाखूश असतात. माल्टची स्वतःची चव झाकली जाते म्हणतात. मला ते पटत नाही. प्रश्न किती काळ ठेवलं याचा आहे. ग्लेनमोरांजी या स्कॉटिश डिस्टिलरीने २०१३ साली काढलेली ‘एलांटा’ १९ वर्षं कोऱ्या पांढऱ्या ओकमध्ये होती. स्कॉटलंडच्या थंडीत ते जमतं. तिथे वर्षाला सुमारे २ टक्के दारू उडून जाते, त्याला ते देवदूतांचा वाटा म्हणतात. म्हणजे १९ वर्षांनीही दोन तृतीयांश शिल्लक. आपल्या किनाऱ्यावर हा वाटा कितीतरी मोठा. वर्षाला ८ टक्के जरी धरला तरी तेवढ्या काळात जेमतेम पाचवा हिस्सा उरेल, आणि उष्णतेने लाकडातून इतकं काही उतरलेलं असेल की पिणाऱ्याला फळीच चावल्यासारखं वाटेल. इथल्या माल्टवर वयाचा मोठा आकडा नसतो तो यामुळे. त्या आकड्यावरून तिला कमी लेखणं अन्यायाचं आहे.

मला हवी आहे ती गोव्यातच गाळलेली, कोऱ्या ओकमध्ये फक्त काही महिने राहिलेली आणि मग जुन्या पिंपात हलवलेली माल्ट. उकाड्याला काम करू द्यायचं, पण लाकडाचा हात वेळेवर आवरायचा. अण्णांचं मत वेगळं. ‘ब्रिलियन्स’ला हात लावायची काहीच गरज नाही, असं ते म्हणतात, आणि त्या रात्री दुसरा पेग त्यांनी तिचाच भरला. मी डीन्स्टनचा.