पांगारा, शिवण आणि दहा सेंटिमीटरचा मासा: लाकडी ल्युअर घडवताना

लाकडी ल्युअर, म्हणजे माशाला फसवायला दोरीला बांधायचा खोटा मासा, म्हटला की नवख्याचं सगळं लक्ष चाकूकडे आणि रंगाकडे जातं. मासा पाण्यात पोहणार की नुसता ओंडक्यासारखा ओढला जाणार, हे मात्र लाकूड चौकोनी असतानाच बरंचसं ठरून गेलेलं असतं. म्हणून इथे कोरीवकामापेक्षा कामाच्या क्रमाबद्दलच जास्त लिहितो. नमुना आहे खाडीत जिताडा आणि तांबोशीसाठी चालणारा, १० सेंमी लांबीचा, पुढे प्लास्टिकची जीभ (ओढताना त्याला खाली नेणारी आणि डुलवणारी पट्टी) असलेला तरंगता मिनो, म्हणजे लहान सडपातळ माशाच्या आकाराचा ल्युअर.

बाहेरचे लोक बाल्सा हे फार हलकं लाकूड वापरतात. आपल्याकडे पांगारा आहे, सावंतवाडीच्या खेळण्यांसाठी वापरतात तोच. तो हलका आणि मऊ, पण धार जरा बोथट असली की तंतू कापले न जाता उपटून येतात. शिवण थोडी जड, पण कोरायला स्वच्छ. पहिल्या ल्युअरसाठी मी शिवणच घ्या म्हणेन. सागाच्या नादी लागू नका. तो जड तर आहेच, शिवाय तेलकट असल्याने इपॉक्सी (दोन भाग मिसळून वापरायचा गोंद) नीट धरत नाही. लाकूड कोणतंही असो, पक्कं वाळलेलं हवं. नाहीतर ते रंगाखाली आकसतं आणि वरच्या थराला तडे जातात.

तुकडा १२ सेंमी लांब, २५ मिमी उंच, १८ मिमी जाड, लाकडाच्या तंतूंच्या रेषा लांबीला समांतर. पुठ्ठ्याचा साचा करून आकृती दोन्ही बाजूंना उतरवायची आणि पाठ, पोट, तोंड, शेपूट अशी चहूकडून मध्यरेषा आखायची. तुकडा चौकोनी असतानाच दोन काप घ्यायचे. एक पोटाच्या मध्यरेषेवर, तोंडापासून शेपटीपर्यंत, तयार माशाच्या निम्म्या उंचीपर्यंत खोल. हॅक्सॉच्या पात्याचा काप साधारण एक मिमीचा पडतो, त्यात १ मिमीची स्टेनलेस तार बरोबर बसते. दुसरा काप हनुवटीखाली, जिभेसाठी, ४५ अंशांत. हा तारेच्या पातळीखालीच थांबवायचा. अंग एकदा गोल झालं की ते शिकंज्यात सरळ धरता येत नाही. मग जीभ अर्ध्या मिमीने जरी तिरकी बसली तरी मासा कायम एका अंगाला पळतो.

मग कोरायला घ्यायचं. आधी बाजूची आकृती करवतीने काढायची, मग वरून पाहत तोंड आणि शेपूट निमुळती करायची. त्यानंतर चारही कडा ४५ अंशांत उडवून अंग अष्टकोनी करायचं आणि शेवटी गोल. थेट गोलाईला हात घातला की एक कुशी नेहमी जास्त खाल्ली जाते. अष्टकोनात दोन्हीकडचे पट्टे सारख्या रुंदीचे आहेत का ते डोळ्यालाच दिसतं. चाकू जाड भागाकडून निमुळत्या भागाकडे चालवायचा, उलटा चालवला तर चीर रेषेत आत घुसते आणि शेपटीचा कपचा निघतो. अंगठ्याला कापडी चिकटपट्टीचे दोन-तीन वेढे द्या. नंतर कानस, मग पॉलिश पेपर: ८०, १२०, २२०. सँडिंग सीलरचे (लाकडाची छिद्रं बुजवणाऱ्या अस्तराचे) तीन हात द्यायचे. पहिल्या हातानंतर लाकडावर लव उभी राहते, ती ४०० नंबरने उतरवायची.

तारेचा सांगाडा एकाच तुकड्याचा: नाकाला कडी, तोंडापासून साडेतीन सेंमीवर पोटाला कडी, शेपटीला कडी. मऊ लाकडात पिळून बसवलेल्या हूकच्या कड्या जिताड्याच्या एका झटक्यात उपटून येऊ शकतात. सलग तार असली तर लाकूड फुटलं तरी गळाला लागलेला मासा दोरीवर राहतो. जिभेला दीड मिमीचं पॉलिकार्बोनेट उत्तम. जुनी सीडीही चालते, ती त्याच प्लास्टिकची, १.२ मिमी जाड असते. कात्रीने तडकते म्हणून बारीक करवतीने कापावी. जीभ अंगाच्या जितकी सरळ रेषेत तितका मासा खोल जातो. जितकी उभी तितका तो वरून चालतो आणि जास्त डुलतो.

आता पाण्याची बादली. माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. तार, जीभ, हूक अडकवायच्या रिंगा, दोन्ही ट्रेबल (तीन टोकांचे) हूक तात्पुरते लावायचे आणि पोटाच्या कडीच्या लगेच मागे शिसं रबरबँडने बांधायचं. शिवणीला दीड-दोन ग्रॅम पुरतं, पांगाऱ्याला चार-पाच लागतं. मासा सपाट किंवा शेपूट किंचित खाली ठेवून तरंगावा, पाठ तीन-चार मिमी पाण्याबाहेर. एवढं अंतर राखायचं, कारण रंग आणि इपॉक्सी मिळून आणखी दीडेक ग्रॅम वजन चढतं. विहिरीच्या पाण्यात तोललेला मासा खाडीच्या खाऱ्या पाण्यात थोडा वर येतो, हेही धरून चाला. वजन पटलं की पोटात भोक पाडून शिसं आत, जीभ जागेवर, आणि काप त्याच लाकडाचा भुसा मिसळलेल्या इपॉक्सीने बंद.

रंगाचं फार मनावर घेऊ नका. फिनलंडच्या लाउरी रापाला या ल्युअर बनवणाऱ्याने १९३६ मध्ये बुचाचा (कॉर्कचा) मासा कोरला, त्याला चॉकलेटची चांदी गुंडाळली आणि वरून फोटोच्या निगेटिव्ह वितळवून थर दिला. मासे त्यालाही लागले. आपल्या खाडीत बोयट या लहान माशासारखा दिसला की झालं: पाठ काळपट हिरवी, कुशी चंदेरी, पोट पांढरं. लसणाच्या पिशवीची जाळी ताणून तिच्यावरून स्प्रे मारला की खवले उठतात.

वरच्या थराला सावकाश सुकणारं इपॉक्सी घ्या, पाच मिनिटांचं लवकर पिवळं पडतं. पाकिटावरच्या प्रमाणात, काट्यावर तोलून मिसळा. अंदाजाने ओतलं तर ते चिकटच राहतं. लावल्यावर घट्ट होईपर्यंत मासा फिरवत ठेवावा लागतो, नाहीतर सगळं पोटाखाली थेंब होऊन जमतं. पावसाळ्यात दमट हवेने थर धुरकट होतो आणि त्यावर तेलकट साय येते, म्हणून हे काम मी दिवाळीनंतरच काढतो.

पाण्यात मासा एका अंगाला पळाला तर नाकाची कडी पक्कडीने त्याच्या उलट बाजूला केसभर वाकवायची, पुन्हा फेकून बघायचं. उलटा होत असेल तर शिसं कमी पडलंय किंवा जीभ मोठी झालीय. जीभ कानशीने घासून लहान करता येते. मुळीच डुलत नसेल तर बहुतेक वजन जास्त झालंय, अशा वेळी हूक एक नंबर लहान लावून बघा. पुढचा आणि मागचा हूक एकमेकांत अडकत नाहीत ना, तेही तेव्हाच तपासा.