चाक उभं असतं अर्ध्या भाकरीवर

मे महिन्यातल्या एका रविवारी अंबाजोगाईहून भाच्याचा फोन आला. "आत्या, काय करायलीस? एक विचारायचं होतं, पण पप्पांना सांगू नको." दादाने गेल्या वर्षी नेक्सॉन ईव्ही, म्हणजे टाटाची इलेक्ट्रिक गाडी घेतली. तिची सोळा इंची चाकं काढून अठरा इंची मॅगव्हील, म्हणजे मिश्रधातूची दिखाऊ चाकं टाकायची, असं या पोराच्या डोक्यात होतं. "गाडी रोडवर बसल्यासारखी चालंल आत्या, वळणावर झुकायची नाही. दिसंल बी भारी."

दिसण्यावरून मी त्याच्याशी वाद घातला नाही. चोविसाव्या वर्षी गाडी भारी दिसावी असं वाटणारच. पण "रोडवर बसल्यासारखी" हे शब्द मात्र मी धरून ठेवले. मी इथे जर्मनीत स्टुटगार्टजवळ राहते आणि दोन वर्षांपूर्वी मीही याच एका इच्छेपोटी चाकं निवडली होती. त्या दिवशी आम्ही तासभर बोललो. आता आपल्याकडे तालुक्याच्या गावातही इलेक्ट्रिक गाड्या दिसायला लागल्यात, म्हणून जे त्याला सांगितलं ते इथेही लिहिते.

आधी माझं. २०२४ मध्ये मी टेस्ला मॉडेल ३ घेतली. ऑर्डर करताना चाकाचे दोन पर्याय होते, १८ इंची आणि १९ इंची. कंपनीनेच दिलेले आकडे असे, की १८ इंचीवर एका चार्जला ६७८ किलोमीटर आणि १९ इंचीवर ६२९. बॅटरी तीच, मोटर तीच, तरी ४९ किलोमीटर एकट्या चाकाने खाल्ले. हे डोळ्यांसमोर असूनही मी १९ इंची घेतली. आमच्या गावाच्या पाठीशी श्वेबिश आल्ब नावाचं पठार आहे. त्याच्या कडेवर चढणारा रस्ता पाहिला की मला दर वेळी बालाघाटची आठवण होते. त्या वळणांवर गाडी माझ्या हातात हवी होती.

आणि १९ इंचीने ते सुख दिलंही. स्टेअरिंग जरा फिरवलं की गाडीचं नाक लगेच वळायचं. याचं कारण टायरच्या अंगावर लिहिलेल्या आकड्यांत सापडतं. २३५/४५ आर १८ म्हणजे टायर २३५ मिलिमीटर रुंद, रबराच्या भिंतीची उंची रुंदीच्या ४५ टक्के आणि आतली धातूची रिम १८ इंची. हिशोब केला तर ही भिंत साधारण १०६ मिलिमीटर भरते. २३५/४० आर १९ मध्ये ती ९४ वर येते. भिंत बुटकी असली की वळणावर ती कमी मुरडते, म्हणून गाडी चटकन ऐकते. पण दोन्ही चाकं बाहेरून मोजा, दोन्ही ६७ सेंटिमीटरच भरतील. म्हणजे १९ इंची घेतल्याने चाक मोठं झालंच नाही. फक्त धातू वाढला आणि हवा कमी झाली.

पहिला हिवाळा आला. जर्मनीत बर्फ किंवा निसरडं असेल तर हिवाळी टायर लागतातच, आणि २०२४ च्या ऑक्टोबरपासून डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह असलेलेच टायर त्यात धरले जातात. ऑक्टोबर ते ईस्टर असा लोकांचा ढोबळ नियम. त्यामुळे बहुतेकांकडे चाकांचे दोन संच असतात, आणि घरात जागा नसेल तर दुसरा संच 'राइफनहोटेल'मध्ये ठेवायचा. टायरांसाठी हॉटेल! पहिल्यांदा गेले तेव्हा रॅकवर ओळीने ठेवलेली, नंबराची चिठ्ठी लावलेली शेकडो चाकं बघत मी बराच वेळ उभी राहिले होते. चाकं बदलून दिली की पन्नास किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा तपासून घ्या, असंही तिथे बजावून सांगतात.

हिवाळ्यासाठी मी १८ इंची संच घेतला होता. एप्रिलमध्ये १९ इंची परत चढवली आणि आठवड्याभरातच गोष्ट घडली. इथेही थंडीत रस्त्याच्या भेगांत पाणी गोठतं आणि वसंतात खड्डे पडतात. गावाबाहेरच्या एका खड्ड्यात पुढचं चाक आपटलं. रिमची कड वाकली आणि टायरच्या बाजूला लिंबाएवढा फुगा आला. फुगा म्हणजे आतले धागे तुटलेले. तो टायर टाकूनच द्यायचा असतो. गॅरेजच्या बाकावर बसून त्या फुग्याकडे बघताना मला कळलं, की गेले पाच महिने १८ इंचीवर मी तेच वळणाचे रस्ते चालवले होते, त्यातले निम्मे पावसात, आणि एकदाही गाडी हातातून सुटल्यासारखी वाटली नव्हती. स्टेअरिंग थोडं मऊ वाटायचं, एवढंच. मी १९ इंची विकली. १८ इंचीचेच चांगले उन्हाळी टायर घेतले. युरोपात टायरच्या लेबलवर ओल्या रस्त्यावरच्या पकडीची श्रेणी ए ते ई अशी छापलेली असते. मी ए बघून घेतला. त्या टायरवर आल्बचा घाट १९ इंचीपेक्षा जास्त विश्वासाने चालवते, पावसात तर नक्कीच.

असं का होतं, ते भाच्याला समजावताना मी भाकरीवर आले.

माझी गाडी रिकामी असताना साधारण १८०० किलो. चार चाकांवर वाटली तर एकेकावर ४५० किलो. टायरमध्ये हवा २.९ बार, म्हणजे ४२ पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला जवळजवळ ३ किलो. ४५० ला ३ ने भागा. १५० चौरस सेंटिमीटर. प्रत्येक टायर रस्त्याला टेकतो तो एवढाच. वीतभर भाकरी थापली तर ती तीनशे चौरस सेंटिमीटरच्या आसपास भरते. म्हणजे एक चाक अर्ध्या भाकरीवर उभं असतं, आणि अख्खी गाडी दोन भाकरींवर. टायरच्या स्वतःच्या ताठपणामुळे आकडा थोडा इकडेतिकडे होतो, पण गोष्ट तीच राहते. ब्रेक, वळण, पाऊस, सगळं त्या अर्ध्या भाकरीवर चालतं.

रिम सोळाची अठरा केली म्हणून ही भाकरी मोठी होत नाही. वजन तेच आणि हवा तेवढीच, तर जागाही तेवढीच. टायर रुंद घेतला तर ती आडवी पसरते, अरुंद घेतला तर लांबट होते. मग गाडी धरून ठेवतं काय? एक तर भाकरीचं पीठ, म्हणजे रबर कोणत्या प्रतीचं आहे ते. आणि दुसरं, ती भाकरी रस्त्याला सतत टेकलेली राहते की उड्या मारते ते.

आपल्याकडचा रस्ता बघा आता. खाली काळी माती. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरचं डांबर तिच्याबरोबर उठतं-बसतं. नवा कोरा रस्ताही दोन पावसाळ्यांत लाटा धरतो. अशा लाटेवरून जाताना चाक खाली-वर झालं पाहिजे आणि झटक्यात परत टेकलं पाहिजे. नेक्सॉन ईव्हीचा टायर २१५/६० आर १६, भिंत १२९ मिलिमीटर. अठरा इंचीवर बाहेरचं माप सांभाळायचं तर २१५/५० आर १८ बसतो, भिंत १०७. दोन सेंटिमीटरची गादी गेली. वर मोठी रिम सहसा जड, आणि तिचं वजन आसापासून लांब, कडेला. फिरवायला आणि थांबवायला लागणारं बळ अंतराच्या वर्गाने वाढतं. जड चाक लाटेवरून उडालं की परत टेकायला वेळ घेतं. तेवढा वेळ गाडी कशावर उभी असते? कशावरच नाही.

इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी तळाशी असते, म्हणून तिचा भार खालीच राहतो आणि वळणावर ती मुळातच कमी झुकते. भाच्याला जो झुकाव वाटत होता, तो बराचसा कमी हवेचा होता, हे नंतर कळलं. इलेक्ट्रिक गाडीचा खरा प्रश्न वजनाचा आणि ओढीचा. बॅटरीमुळे ती पेट्रोलच्या भावंडापेक्षा जड, आणि पॅडल दाबताक्षणी मोटर पूर्ण जोर लावते. नेक्सॉनमध्ये हा सगळा जोर पुढच्याच चाकांवर येतो. तीच वळवणार, तीच ओढणार, आणि पॅडल सोडलं की चार्जिंगसाठी गाडी अडवणारही तीच. म्हणून पुढचे टायर आधी झिजतात आणि पहिल्या पावसात जागेवर फिरतात.

आता वजनाची एक गोष्ट, जी दुकानात कुणी सांगत नाही. टायरवर मापाच्या पुढे एक आकडा असतो, ९५, ९२ असा. तो टायर किती भार पेलेल त्याचा आकडा. ९५ म्हणजे ६९० किलो, ९२ म्हणजे ६३०. २१५/६० आर १६ हा साधारणपणे ९५ चा मिळतो, २१५/५० आर १८ हा ९२ चा. म्हणजे जास्त पैसे मोजून जड गाडीला कमी पेलणारा टायर. पाच माणसं आणि डिकीत दोन पोती तूरडाळ, असा प्रवास आपल्याला नवा नाही.

हे बोलता बोलता मला आमच्या आजोबांची बैलगाडी आठवली. त्या चाकाला लाकडी आरे आणि बाहेरून लोखंडी धाव. धाव बसवायचा दिवस मी लहानपणी एकदा पाहिलाय. लोहार गोवऱ्यांच्या गोल आरात धाव लालभडक करायचा. चौघे जण सांडशांनी ती उचलून चाकावर बसवायचे, घणाचे ठोके पडायचे, लाकडातून धूर निघायचा आणि मग घागरी रित्या केल्या जायच्या. वाफेचा लोट उठायचा, आणि त्या वाफेत धाव आवळताना आऱ्यांच्या सांध्यांचा करकर आवाज यायचा. चाक एवढं घट्ट, की पिढीभर टिकावं. पण त्यात हवा नव्हती. गाडीवाटेतला प्रत्येक दगड माणसाच्या आणि बैलाच्या हाडापर्यंत पोचायचा. पुढे टायरगाड्या आल्या. चाक बुटकं झालं, भोवती रबर आणि हवा आली, आणि तीच बैलजोडी कितीतरी जास्त ऊस कारखान्यावर नेऊ लागली. केज-धारूरकडची तोडीला जाणारी माणसं आजही ती गाडी हाकतात. भार हवेने उचलला होता. भाच्याला म्हणाले, "बाळा, तू हवा काढून धातू वाढवायला निघालास. आपण धावेकडून टायरकडे आलो, तू परत धावेकडे चाललास."

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मग वळणावर चांगली चालायला काय करू ते सांग."

सांगितलं. रिम सोळाच ठेव. टायर त्याच मापाचे, ९५ किंवा त्याच्या वरचे, ओल्या रस्त्यावर नावाजलेले घे, आणि चारही एकाच जातीचे घे. टायरच्या बाजूला चार आकडी तारीख असते ती बघ. २३२५ म्हणजे २०२५ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. दुकानात वर्षानुवर्षं पडलेला माल घेऊ नकोस. अलाइनमेंट, म्हणजे चाकांची दिशा नीट जुळवून घे. गाडी जॅकवर उचलताना कंपनीने दाखवलेल्या जागीच जॅक लागला पाहिजे, कारण मध्ये बॅटरी आहे. हे पंक्चरवाल्याला आधी सांग, नंतर नाही.

आणि हवा. यावर मी सगळ्यात जास्त वेळ बोलले. मराठवाड्यात उन्हाळ्यात "हवा फुगती, दोन पॉइंट कमीच भरा" असं सर्रास सांगतात. तापमान दहा अंशांनी वाढलं की दाब दीड-दोन पीएसआयने वाढतो, हे खरं. पण टायर बनवणाऱ्याने ते धरलेलंच असतं. कमी हवेचा टायर दर फेऱ्याला जास्त दबतो, मुरडतो आणि त्या मुरडण्याने आतून तापतो. जालन्याहून समृद्धीला लागायचं, काँक्रीट तापलेलं, काटा १२० वर, टायर गोटा झालेला आणि हवा कमी. टायर फुटतो तो असा. हवा सकाळी, चाक थंड असताना, दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलीय तेवढी भरायची. त्याच संध्याकाळी भाच्याने मोजली. पुढच्या एका चाकात सात पीएसआय कमी होती.

चार नवे टायर जूनमध्ये बसले, सोळा इंचीच. मॅगव्हीलच्या ठरलेल्या पैशांतून उरलेले त्याने दाबाचा काटा आणि हवा भरायचा छोटा पंप घेण्यात घातले. जुलैत तो आईला घेऊन संभाजीनगरला गेला, तेव्हा मांजरसुंब्याच्या घाटात पावसाने गाठलं. रात्री त्याचा निरोप आला, "आत्या, आई झोपली होती. घाट कधी उतरला तिला कळलं बी नाही."

परवा दादाचा फोन होता. म्हणाला, "अगं, हे पोरगं रोज सकाळी चहाच्या आधी गाडीच्या चाकापाशी बसून काय करायलंय?"