आमची वाटचाल: जिगसॉपासून मापांच्या वहीपर्यंत

संगणकाच्या कॅबिनेटला हव्या त्या मापाची पत्र्याची पॅनल करून देणे हे आमचे काम. ते घरच्या टेबलावर सुरू झाले, तेव्हा कापणे, वाकवणे, भोके पाडणे, रंग देणे सगळे आम्हीच करत होतो. आज कापणी लेझरवर आणि वाकवणे प्रेस ब्रेकवर (पत्रा दाबून वाकवणाऱ्या यंत्रावर), म्हणजे बाहेर होते. टेबलावर उरली आहेत ती मापे, जुळवणी आणि शेवटचा हात. कामाचा भार कापणीकडून मापांकडे कसा सरकला, ते इथे मांडतो आहोत. घरी पहिले पॅनल करायला घेणाऱ्याला यातले बरेचसे जसेच्या तसे वापरता येईल.

सुरुवातीची कामे बहुतेक एकाच प्रकारची होती: तयार कॅबिनेटच्या पत्र्यात पंख्यासाठी गोल भोक. हा पत्रा जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी, साधारण ०.६ ते १ मिमी जाडीचा. १२० मिमीच्या पंख्याच्या दोन स्क्रूंमधले अंतर १०५ मिमी, १४० च्या पंख्याचे १२४.५ आणि ८० च्या पंख्याचे ७१.५. १२० च्या पंख्याला मधले भोक ११५ मिमीचे पुरते. आकडे सोपे आहेत, अडचण आहे ती पत्र्याच्या पातळपणाची. जिगसॉच्या, म्हणजे हातात धरायच्या विजेच्या करवतीच्या, पात्याचे निदान तीन दात एका वेळी धातूत असावेत, असा जुना नियम. इंचाला ३२ दात असलेल्या पात्यात दोन दातांमधले अंतर ०.८ मिमी येते, म्हणजे ०.८ मिमीच्या पत्र्यात एका वेळी जेमतेम एक दात. मग पत्रा दातांच्या खाचेत अडकतो, थडथडतो, काठ फाटतो आणि दात उडतात. यावर उपाय एकच चालला: पत्र्याच्या खाली-वर ४ ते ६ मिमीचे प्लाय जी-क्लॅम्पने आवळायचे आणि तिन्ही थर एकदम कापायचे. रेघ वरच्या प्लायवर आखायची, पाते रेघेच्या १ मिमी आतून न्यायचे आणि उरलेला पत्रा अर्धगोल कानशीने काढायचा.

होल सॉ (ड्रिलला लावायची वाटीसारखी गोल करवत) वापरला तर काम झटपट होते, पण वेग फार कमी ठेवावा लागतो. ११४ मिमीचा होल सॉ लोखंडी पत्र्यावर मिनिटाला ७०-८० फेऱ्यांनीच फिरवायचा. हँड ड्रिलचे बटण पूर्ण दाबले की दात निळे पडतात, आणि निळा पडलेला दात पुन्हा कापत नाही. लहान भोकांना साधा ड्रिल बिट नको. पातळ पत्र्यात त्याचे टोक आरपार गेले की बाजूच्या धारांना आधार राहत नाही. भोक तिकोनी होते आणि पत्रा बिटासोबत गरकन फिरतो. म्हणून ड्रिल करताना पत्रा हाताने धरायचा नाही, आणि हातमोजेही घालायचे नाहीत, कारण बिट मोज्यासकट बोट ओढून घेतो. ४ मिमीच्या वरच्या सगळ्या भोकांना आम्ही स्टेप ड्रिल (पायऱ्यापायऱ्यांचा, शंकूसारखा बिट) वापरतो.

पुढे पूर्ण पॅनलची मागणी आली तसे आम्ही अॅल्युमिनिअमकडे वळलो. ४५० बाय ४५० मिमीचे २ मिमी जाड अॅल्युमिनिअम पॅनल साधारण १.१ किलोचे भरते, त्याच मापाचे १ मिमी लोखंडी पॅनल १.६ किलोचे. जाडी दुप्पट असूनही वजन कमी, आणि जाडीमुळे पॅनल लवत नाही. मात्र कुठलेही अॅल्युमिनिअम चालत नाही. ६०६१-टी६ या जातीचे अॅल्युमिनिअम कडक असते. लहान त्रिज्येत वाकवले की बाहेरच्या बाजूला तडे जातात. वाकवायच्या पॅनलला ५०५२ ही जात घ्यावी, आतली त्रिज्या निदान पत्र्याच्या जाडीइतकी ठेवावी आणि वाकवण्याची रेघ पत्र्याच्या लाटण्याच्या दिशेला आडवी घ्यावी. सपाटच राहणार असेल तर ६०६१ उत्तम.

जिगसॉवर २ मिमी अॅल्युमिनिअमला इंचाला २४ दातांचे पाते बसते. अडचण वेगळीच येते: अॅल्युमिनिअम मऊ असल्याने दातांत चिकटते, पाते बोथट वाटू लागते, माणूस जोर लावतो आणि पाते भरकटते. रेघेवर रॉकेलचे दोन-चार थेंब किंवा पात्याला मेण लावले की हे थांबते. कानशीला खडू घासून घेतला तर तीही भरत नाही. बेंच ग्राइंडरवर अॅल्युमिनिअम कधीच धरू नये. दगडाची छिद्रे बुजतात, दगड तापतो आणि फुटू शकतो. शिवाय अॅल्युमिनिअमच्या बारीक भुकटीत लोखंडाची ठिणगी पडली तर आग लागते.

लेझरकडे गेलो ते जाळ्यांमुळे. हाताने शंभर भोके सारख्या ओळीत येत नाहीत, आणि डोळ्याला अर्ध्या मिमीची चूकही ओळीत लगेच दिसते. जाळी ठरवताना मोकळी जागा मोजावी. एकाआड एक, ६० अंशांत मांडलेल्या गोल भोकांना सूत्र सोपे: भोकाचा व्यास भागिले दोन केंद्रांमधले अंतर, त्याचा वर्ग, गुणिले ९०.७, की टक्केवारी मिळते. ३ मिमीची भोके ५ मिमीवर मांडली तर जागा फक्त ३३ टक्के मोकळी राहते. तीच भोके ४ मिमीवर आणली तर ५१ टक्के, आणि ५ मिमीची भोके ६ मिमीवर मांडली तर ६३ टक्के. पहिली जाळी दिसायला भरीव आणि छान दिसते, पण तिच्यामागे पंखा गुदमरतो आणि आवाज करतो. आम्ही पंख्यासमोर ५० टक्क्यांच्या खाली जात नाही.

लेझरला फाइल पाठवताना होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. डीएक्सएफ फाइल (कापायच्या रेघांचे संगणकावरचे चित्र) मिलिमीटरमध्ये आहे की इंचात हे कळवले नाही, तर पॅनल २५.४ पट चुकते; इतकी मोठी चूक निदान लगेच दिसते तरी. एकावर एक पडलेल्या दोन रेघा मात्र दिसत नाहीत, लेझर त्याच वाटेने दोनदा जातो आणि काठ जळतो. भोकाचा व्यास पत्र्याच्या जाडीपेक्षा कमी ठेवू नये. नाव कोरून आरपार कापायचे असेल तर ठ, व, ब, ष यांची पोटे गळून पडतात. त्यांना २ मिमीचे पूल ठेवावे लागतात, आणि ते कुठे ठेवायचे हे अक्षर बघूनच ठरवावे. सॉफ्टवेअरने आपोआप टाकलेला पूल ‘व’चा भलताच आकार करून ठेवतो. ब्रश फिनिश (पृष्ठभागावर एकाच दिशेच्या बारीक रेघा) हवे असेल तर प्रत्येक पॅनलच्या चित्रात दिशेचा बाण द्यावा. पत्रा वाचवण्यासाठी लेझरवाले तुकडे ९० अंशांत फिरवून मांडतात, आणि मग समोरच्या पॅनलच्या रेघा उभ्या तर बाजूच्या आडव्या येतात.

खरा धडा वाकवण्यात आहे. वाकवताना पत्रा ताणला जातो, म्हणून बाहेरच्या मापांची नुसती बेरीज करून सपाट तुकडा कापला तर पॅनल मोठे होते. २ मिमी पत्रा, २ मिमी आतली त्रिज्या आणि ०.४२ हा के-फॅक्टर (वाकताना न ताणला जाणारा, न दबणारा थर आतल्या बाजूपासून जाडीच्या किती भागावर आहे तो आकडा) धरला तर ९० अंशांच्या वाकात वापरला जाणारा पत्रा असा: १.५७ गुणिले (२ अधिक ०.४२ गुणिले २), म्हणजे ४.४६ मिमी. बाहेरून मोजताना आपण तिथे दोन्ही बाजूंना त्रिज्या अधिक जाडी, म्हणजे ४ आणि ४ असे ८ मिमी धरलेले असतात. फरक ३.५४ मिमी, आणि तो प्रत्येक वाकाला वजा करायचा. ४५० मिमी रुंदीच्या पॅनलला दोन्ही बाजूंना १५ मिमीचे कान (वाकवलेल्या कडा) हवे असतील तर सपाट तुकडा ४८० चा नाही, ४७२.९ मिमीचा.

के-फॅक्टर मात्र डाय, पंच (प्रेस ब्रेकचे खालचे-वरचे साचे) आणि पत्रा बदलला की बदलतो. म्हणून पुस्तकातला आकडा घेण्याऐवजी त्याच पत्र्याची, बरोबर १०० मिमी लांबीची पट्टी कापून मध्यावर वाकवावी आणि दोन्ही बाजू बाहेरून व्हर्नियरने मोजाव्यात. बेरीज १०३.५ आली तर वजा करायचा आकडा ३.५. आमच्या वहीत प्रत्येक पत्र्यासमोर असा आकडा लिहिलेला असतो, आणि नवीन लॉट आला की तो पुन्हा तपासतो. घरी वाकवायचे तर १.५ मिमीपर्यंतच जावे. दोन जाड अँगलमध्ये पत्रा आवळायचा, वर लाकडी ठोकळा ठेवायचा आणि एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे थोडे थोडे ठोकत जायचे. एकाच जागी ९० अंश गाठले तर कान नागमोडी होतो. सोडल्यावर पत्रा दोन-तीन अंश मागे येतो, तेवढे जास्त वाकवावे. दोन वाक जिथे कोपऱ्यात मिळतात तिथे आधीच ४ मिमीचे भोक पाडावे, नाहीतर कोपरा फाटतो. भोके वाकण्याआधी पाडावीत, पण वाकापासून निदान ८ मिमी दूर. जवळचे भोक अंडाकृती होते.

मापे घेण्याची पद्धत आम्ही उशिरा बदलली, ती पहिल्यापासून असायला हवी होती. कॅबिनेटची एकच कड मूळ धरायची आणि सगळी भोके त्या कडेपासून मोजायची. या भोकापासून ते भोक असे मोजत गेले तर प्रत्येक वेळचा पाव मिमी साठत जातो आणि सहाव्या भोकाला स्क्रू लागत नाही. मग पुठ्ठ्याचा पूर्ण नमुना कापून लावून बघायचा: दरवाजा उघडतो का, केबलचा फुगवटा आत मावतो का, ग्राफिक्स कार्डची टोके अडतात का. मदरबोर्डचा ट्रे आणि मागची आय/ओ चौकट (मदरबोर्डच्या जोडण्या बाहेर येतात ती) नव्याने करण्याच्या फंदात शक्यतो पडू नये. ती चौकट १५८.७५ बाय ४४.४५ मिमीची, कार्डांच्या स्लॉटमधले अंतर २०.३२ मिमी, आणि या दोन्हींचा मदरबोर्डच्या स्टँडऑफशी (तो ज्या खुंट्यांवर बसतो त्यांच्याशी) मेळ बसावा लागतो. जुन्या कॅबिनेटचा तो भाग रिव्हेट फोडून काढावा आणि नव्या सांगाड्यात बसवावा. आम्हीही तेच करतो.

स्क्रूंचा घोळ नेहमीचा. कॅबिनेटमध्ये ६-३२ (इंची, इंचाला ३२ आटे) आणि एम३ (३ मिमीचा मेट्रिक) असे दोन आटे असतात. ६-३२ चा व्यास ३.५ मिमी, त्याच्या भोकात एम३ स्क्रू अर्धवट पकडतो आणि नंतर निसटतो. टॅप मारायचा, म्हणजे भोकात आटे पाडायचे, तर एम३ ला २.५ मिमी, ६-३२ ला २.७ मिमी ड्रिल. पण २ मिमी अॅल्युमिनिअममध्ये एम३ चे चार आटे बसतात, ६-३२ चे अडीचच. वारंवार उघडायच्या पॅनलला हे पुरत नाही, तिथे रिव्हेट नट (पत्र्याच्या भोकात रिव्हेटसारखा दाबून बसवायचा आटेदार नट) लावतो. एम३ च्या नटला ५ मिमी भोक लागते, ५.२ झाले की नट जागेवर गरागरा फिरतो आणि मग स्क्रू ना आत जातो ना बाहेर येतो.

पावडर कोटिंगचा (भुकटीचा रंग भट्टीत भाजून बसवायचा) थर साधारण ६० ते १०० मायक्रॉनचा. तो भोकाच्या आतही बसतो, म्हणून एम३ स्क्रूसाठी ३.४ ऐवजी ३.६ मिमी भोक ठेवतो. टॅप मारलेल्या भोकांत कोटिंगआधी सिलिकॉनचे बूच, आणि रिव्हेट नट कोटिंगनंतर. घरी स्प्रे मारणार असाल तर अॅल्युमिनिअमला सेल्फ-एच (self-etch) प्रायमरच, म्हणजे धातूला किंचित कोरून पकड घेणारा अस्तराचा रंगच हवा. साधा प्रायमर त्यावर नीट धरत नाही आणि पहिल्या ओरखड्याबरोबर पापुद्रा सुटतो. ४०० च्या पॉलिश पेपरने घासून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, मग हात न लावता पातळ तीन हात द्यावेत.

पावडर कोटिंग आणि अॅनोडायझिंग (अॅल्युमिनिअमवर विजेने चढवलेला ऑक्साइडचा थर) दोन्हींतून वीज वाहत नाही. सुंदर पॅनल बसते, पण ते अर्थिंगपासून तुटलेले असते. प्रत्येक पॅनलच्या एका स्क्रूखालचा रंग आतल्या बाजूने खरवडून तिथे दातेरी वॉशर घालतो आणि मल्टिमीटरने पॅनलपासून पॉवर सप्लायच्या धातूपर्यंत रोध मोजतो. एक ओहमपेक्षा कमी यायला हवा. आवाज दाबणारी फोमची पट्टी या जागेवर येऊ देऊ नये.

कापणी-घासणीच्या वेळी कॅबिनेटमध्ये एकही भाग ठेवायचा नाही, पॉवर सप्लाय तर नाहीच. लोखंडाचा कीस चुंबकाने निघतो, अॅल्युमिनिअमचा निघत नाही. तो ब्रश आणि व्हॅक्यूमने काढून, कोपरे चिकटपट्टीने टिपून घ्यावे लागतात.

बसवताना सगळे स्क्रू आधी दोन-दोन आटे सैल लावावेत, मग समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत. शेवटचे भोक अर्ध्या मिमीने चुकले तर गोल कानशीने पॅनलमधलेच लांबवावे, कॅबिनेटमधल्याला हात लावू नये. पॅनल पुन्हा कापता येते आणि कॅबिनेटचे मूळ भोक गेले की पुढच्या पॅनलला मापच उरत नाही.