सीआयडी पुन्हा पाहताना: एसीपी ‘गेले’ त्या आठवड्याची नोंद

मागच्या नोंदीत ठरलं होतं की २००४ चे भाग संपवायचे आणि मगच पुढे सरकायचं. ते अजून संपलेले नाहीत, पण क्रम मी मुद्दाम मोडला. तुमच्यापैकी दोघातिघांनी एकच प्रश्न लावून धरला होता: एसीपी प्रद्युम्न ‘गेले’ तो एप्रिल २०२५ चा ट्रॅक वहीत कसा मांडणार? म्हणून या खेपेला जुने भाग बाजूला ठेवले, त्या ट्रॅकमधल्या खलनायकाचे, बार्बोसाचे, भाग ओळीने पाहिले आणि त्या आठवड्यात आपण चाहत्यांनी काय काय गोंधळ घातला होता तेही पुन्हा वाचून काढलं. भाग पाहायला जेवढा वेळ लागला, त्याहून जास्त वेळ आपलं रडगाणं वाचण्यात गेला.

नव्याने आलेल्यांसाठी एवढंच सांगते. वहीत प्रत्येक भागाला एक ओळ असते. प्रेत कुठे सापडलं, ओळख कोणी पटवली, डॉक्टर साळुंखेंनी खरंच काही शोधलं की रंगीत पाणी या नळीतून त्या नळीत ओतलं, दार तुटलं की मुळात उघडंच होतं, आणि शेवटची थप्पड कोणाला बसली. दाराचा रकाना गमतीचा आहे. महत्त्वाचा रकाना ‘ओळख’. निम्मे चकवे तिथेच असतात. चेहरा नसलेलं प्रेत, जळालेलं प्रेत, दरीत किंवा पाण्यात गेलेला माणूस असं काही दिसलं की मी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढून ठेवते आणि भाग संपेपर्यंत ते खोडत नाही. ही सवय मालिकेनेच लावली. बरी लावली की वाईट, ते एप्रिलमध्ये कळलं.

आता घटनाक्रम. मालिका १९९८ मध्ये सोनीवर सुरू झाली, ऑक्टोबर २०१८ मध्ये थांबली आणि २१ डिसेंबर २०२४ ला परत आली. परत आली तीच भांडण घेऊन. आधीच्या टीझरमध्ये अभिजीतने दयावर गोळी झाडली होती. वीस वर्षं ज्या जोडीच्या मैत्रीवर मालिका उभी होती, तिच्यातला एक दुसऱ्यावर बंदूक रोखतो, हे पाहून आपल्यातल्या अर्ध्या लोकांनी तेव्हाच हाय खाल्ली होती. मग दया परत टीममध्ये आलाच. हे लक्षात ठेवा. याच हंगामात एक मोठा माणूस आधीच ‘मारून’ परत आणलेला होता.

त्यानंतर मार्चच्या शेवटी-एप्रिलच्या सुरुवातीला बातम्या सुटल्या. तिग्मांशू धुलिया बार्बोसा म्हणून येणार, तो बॉम्बस्फोट घडवणार, त्यात एसीपी प्रद्युम्नांचा शेवट होणार. एप्रिलच्या पहिल्या शनिवार-रविवारचे भाग लागायच्या आधी हे सगळं पेपरात, मोबाईलवर, रिक्षावाल्याच्या तोंडी झालेलं होतं. वाचलेल्या सगळ्या प्रतिक्रियांतून मला पटलेली गोष्ट ही आहे: आपण रडलो ते बातमीवर. भागावर रडलेलं फार थोडं सापडतं. भाग लागला तेव्हा लोक तेराव्याला बसल्यासारखे समोर बसले होते, आता फक्त विधी उरलाय अशा चेहऱ्याने. दयाचा आवाज कुठे फाटला, साळुंखेंचा चेहरा कसा झाला, कॅमेरा कोणावर थांबला, याबद्दल बोलणारे फार कमी. एरवी हेच लोक एका चुकीच्या घड्याळावरून दोन तास वाद घालतात.

माझ्या मते त्या ट्रॅकचं खरं नुकसान इथे झालं. खुनाच्या मालिकेत प्रेक्षकाला शेवटपर्यंत अंधारात ठेवायचं असतं, हे या मालिकेला पंधराशेहून जास्त भाग ठाऊक होतं. आणि सगळ्यात मोठ्या मृत्यूच्या वेळी मात्र गुपित आधीच फोडलं गेलं. ते मुद्दाम फोडलं की फुटलं, त्यात मी पडत नाही. परिणाम तोच.

प्रतिक्रियांकडे येते. पहिली लाट सरळ रागाची. ‘आमचं बालपण मारलं’ हा सूर सगळीकडे, आणि तो मला थोडा अळणी वाटतो, कारण कुठलीही जुनी गोष्ट संपली की आपल्या पिढीचं बालपण मरतंच. पण त्याखाली एक नेमका आक्षेप होता आणि तो पटतो: ज्या माणसाने इतकी वर्षं ब्युरो चालवला, त्याला न्यायचं तर तपासातून न्या, स्फोटात काय नेता? एसीपी म्हणजे दोन बोटं फिरवत ‘कुछ तो गडबड है’ म्हणणारा, बंदुकीपेक्षा संशयावर जगणारा माणूस. गुन्हेगार असलेल्या स्वतःच्या मुलावरही, नकुलवर, त्याने गोळी झाडली होती. त्या माणसाच्या शेवटाला एखादं कोडं तरी हवं होतं. बॉम्ब हे काही कोडं नव्हे.

दुसरी लाट आपल्यासारख्या वहीवाल्यांची. यांनी अश्रू ढाळले नाहीत, लगेच तपास सुरू केला. स्फोट म्हणजे ओळख पटण्याचा प्रश्न आलाच. डीएनए कोणी जुळवला? साळुंखेंनी की दुसऱ्या कोणी? दया परत आला तर हे का नाही येणार? माझ्या वहीतल्या पेन्सिलीच्या प्रश्नचिन्हाची आवृत्ती हजारो लोकांनी एकाच वेळी काढली होती. गंमत अशी की वर्षानुवर्षं ज्या वाक्यांची आपण टिंगल केली, मीम केले, वाढदिवसाच्या केकवर लिहिली, तीच वाक्यं त्या दिवशी हत्यारासारखी बाहेर आली. ‘कुछ तो गडबड है’ हे निर्मात्यांनाच ऐकवलं जात होतं. मालिकेची थट्टा करणारे आणि मालिकेवर जीव टाकणारे असे दोन गट आहेत असं मला वाटायचं. हे सगळं वाचल्यावर ते दोन गट आहेत असं अजिबात वाटत नाही. ‘दया, दरवाज़ा तोड़ दो’वर सगळ्यात जास्त हसणारा माझा मावसभाऊ त्या रविवारी आमच्या फॅमिली ग्रुपवर सगळ्यात जास्त चिडलेला होता.

तिसरी गोष्ट जरा गंभीर आहे. वाहिनीने एसीपींच्या फोटोसह श्रद्धांजली म्हणावी तशी पोस्ट टाकली, नावापुढे १९९८–२०२५. एका काल्पनिक पोलीस अधिकाऱ्याला अशी साला-सनावळीसकट श्रद्धांजली, आणि फोटो मात्र खऱ्या, हयात नटाचा. मोबाईलवर घाईघाईत सरकवत जाणाऱ्याला काय कळणार? खूप जणांचा पहिला प्रश्न होता, शिवाजी साटम गेले का? आमच्या शेजारच्या काकूंनी तर आईला फोन करून ‘माहीमचे ना गं ते?’ अशी सुरुवात केली आणि पुढे पाच मिनिटं एक जिवंत माणूस भूतकाळात गेला. खुद्द साटमांनी त्या दिवसांत वर्तमानपत्राला सांगितलं ते एवढंच, की आपल्याला याची काही कल्पना नाही, आपण सध्या सुट्टी घेतली आहे, पुढचं काय ते निर्मात्यांना माहीत. मला हे उत्तर फार आवडलं. एखाद्या चांगल्या संशयितासारखं: खोटं एक अक्षर नाही, आणि हाती काही लागू देत नाही.

त्या पोस्टचा मला राग आला, आणि त्याचं कारण फ्रेडरिक्स. ती भूमिका करणारे दिनेश फडणीस, म्हणजे आपला फ्रेडी, ५ डिसेंबर २०२३ ला खरोखर गेले, मुंबईत. त्या वेळच्या प्रतिक्रिया मी वहीच्या मागच्या पानांवर उतरवून ठेवल्या होत्या. त्या आणि या शेजारी ठेवून वाचल्या तर फरक लगेच दिसतो. फ्रेडीसाठी लोकांनी प्रसंग आठवले होते. भुताच्या भीतीने दयाच्या मागे लपणं, चुकीच्या वेळी विनोद करणं, बायकोच्या धाकाचे किस्से. कोणी कोणावर चिडलेलं नव्हतं. एसीपींच्या वेळी आठवणी जवळजवळ नाहीतच, नुसत्या मागण्या आहेत. परत आणा, ट्रॅक बदला, नाहीतर बघणार नाही. कारण मनातून सगळ्यांना माहीत होतं की हा मृत्यू वाटाघाटीत बसणारा आहे. फ्रेडीचा नव्हता. नव्या हंगामात त्याची जागा रिकामी आहे आणि कुठलाही लेखक ती भरू शकत नाही.

मागणी करून माणूस परत आणण्याची सवय आपल्या टीव्हीला जुनीच. ‘क्योंकि सास भी...’मधल्या मिहीरला मारलं तेव्हाही लोकांनी वाहिनीला सळो की पळो करून सोडलं होतं आणि मिहीर परत आला होता. आमच्या घरात तेव्हा तो परत आल्याचा आनंद पेढे वाटण्याइतका होता. एसीपींच्या वेळी तसं झालं नाही, त्याकडे आता येते.

मध्ये पार्थ समथान नवे एसीपी आयुष्मान म्हणून आले. त्यांच्या वाट्याला आलेल्या प्रतिक्रिया वाचवत नाहीत. भाग नीट पाहिले तर अभिनयात आक्षेप घेण्यासारखं फारसं काही नाही. पण ती खुर्ची कोणालाही लाभली नसती. कुठल्याही ऑफिसात लाडका साहेब गेल्यावर येणाऱ्या नव्या साहेबाचं जे होतं ते त्यांचं झालं: त्याने चहा मागितला तरी ‘आधीचे साहेब मागत नव्हते’. माझ्या वहीत त्यांचे भाग स्वतंत्र ठेवले आहेत आणि त्यातला तपास बऱ्यापैकी बांधलेला आहे, एवढं मी ठामपणे म्हणते. कोणाला पटत नसेल तर भाग परत पाहून मग भांडायला या.

काही आठवड्यांतच साटम परतले. पेन्सिलीचं प्रश्नचिन्ह बरोबर निघालं. आणि आपली प्रतिक्रिया? ‘सांगितलं होतं ना.’ बस्स. ज्या जोराने शोक झाला, त्याच्या पावपट जोरानेही आनंद झाला नाही. मी शोधून शोधून थकले. उत्साहाने लिहिणारे सापडतात, पण त्यांच्यात लहान मुलंच जास्त, म्हणजे जी २०१८ नंतर मोबाईलवर जुने भाग बघत मोठी झाली. मोठ्यांनी मान डोलावली आणि पुढे गेले. मला वाटतं, बातमीवर रडून झाल्यामुळे भागावर हसायला काही शिल्लक राहिलं नाही.

वहीत नोंद अशी केली आहे. ‘ओळख’ रकान्यात: वाहिनीची पोस्ट. यापुढे हा पुरावा ग्राह्य धरायचा नाही. ‘दार’ रकाना रिकामा. ‘थप्पड’ रकान्यात काय लिहायचं यावर सूचना चालतील, पण सभ्य.

एक फाटा फोडते, कारण हा प्रश्न दर वेळी येतो. खरी महाराष्ट्र सीआयडी मुंबईत नाही, तिचं मुख्यालय पुण्यात आहे. मुंबईतल्या खुनांचा तपास करतात ती पोलीस ठाणी आणि मुंबई पोलिसांची गुन्हे शाखा. आणि एसीपी हे पद फक्त आयुक्तालय असलेल्या शहरांतलं. त्यामुळे एका एसीपीच्या हाताखाली आख्खा ‘सीआयडी ब्युरो’ ही वस्तू फक्त टीव्हीवर मिळते. हे कळल्यावर मालिका आवडेनाशी होत असेल तर तुम्ही चुकीच्या ठिकाणी आला आहात.

आता जुन्या कामाची प्रगती. २००४ मधला १११ मिनिटांचा, एकही कट नसलेला भाग पुन्हा पाहिला, या वेळी गोष्टीकडे दुर्लक्ष करून. फक्त कॅमेरा बघितला. खोलीतून बाहेर पडताना तो कोणाच्या मागे लागतो, कोणाला मागे सोडतो, आणि मागे राहिलेला नट पुढच्या दारातून कधी उगवतो, याचा कागदावर नकाशा काढायला घेतला आहे. मालिकेचे कर्तेधर्ते बी. पी. सिंग मुळात कॅमेऱ्याचे माणूस, मुंबई दूरदर्शनवर काम केलेले, हे त्या भागात पावलोपावली दिसतं. तपास म्हणून कथा साधारण आहे. पण एकही कट नाही म्हटल्यावर नटांच्या डोळ्यांत जी खरी धास्ती दिसते, ती संशयितांच्या धास्तीत मिसळून जाते आणि भलतीच कामाला येते. नकाशा अर्धा झालाय, जिन्यापाशी अडलाय. त्या जिन्यावर एकाच वेळी नेमके किती जण आहेत याबद्दल माझं आणि धाकट्या बहिणीचं एकमत होत नाही. ज्यांच्याकडे मोठा टीव्ही आहे त्यांनी कृपया मोजून कळवा.

यानंतर पुन्हा क्रमाने. २००४ चे उरलेले, मग २००५. फ्रेडीचे भाग मी घाईने संपवणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

आणि एक विनंती. सीआयडीच्या आधी बी. पी. सिंग आणि शिवाजी साटम मुंबई दूरदर्शनच्या ‘एक शून्य शून्य’मध्ये एकत्र होते. मराठीत, पोलिसांच्याच गोष्टी. आमच्या आईला त्यातलं बरंच आठवतं, पण तिच्या आठवणीत गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत आणि खुनी दर वेळी बदलतो. कोणाकडे घरच्या व्हिडिओ कॅसेटवर भरून ठेवलेला एखादा भाग असेल, अर्धा का असेना, बुरशी लागलेला का असेना, तर फेकू नका. कॅसेट चालवायचं मशीन आमच्याकडे अजून आहे आणि ते चालतं. येण्याजाण्याचा खर्च मी करीन, कॅसेट त्याच दिवशी परत मिळेल.