तुम्ही विचारलंत म्हणून: चालल्यानं ‘डेन्स’ कमी होतं का?

रिपोर्ट लिहितात डॉक्टर. मी मॅमोग्राफीचे, म्हणजे स्तनांच्या एक्स-रेचे, फोटो काढणारी. पण गळ्यातलं काढून रुमालात बांधताना समोर मीच असते, त्यामुळे प्रश्न माझ्याच वाट्याला येतात. पन्नाशीच्या आसपासच्या बायका हल्ली हमखास विचारतात, “ताई, मागच्या रिपोर्टात डेन्स लिहिलंय. रोज चालले तर कमी होईल का?”

फोटोत दिसेल इतकं नाही होत. तरी चालणं सोडू नका.

फोटोत चरबी काळपट दिसते. दुधाच्या ग्रंथी आणि त्यांना धरून ठेवणारे तंतू पांढरे. हा पांढरा भाग जास्त असला की रिपोर्टात ‘डेन्स’ लिहितात. तरुण बाईचा फोटो बहुतेकदा पिंजलेल्या कापसासारखा असतो. पाळी जायच्या सुमाराला इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन खाली येतं, ग्रंथी आक्रसतात, त्यांची जागा चरबी घेते आणि फोटो वर्षागणिक काळवंडत जातो. सगळ्यांचा मात्र नाही. साठीतही पांढराफटक फोटो असलेल्या बायका मी पाहते; त्यात आईकडून-वडिलांकडून आलेला भाग मोठा. डेन्स हा आजार नव्हे आणि तो हाताला लागतही नाही. पण डेन्स स्तनात कॅन्सरचा धोका थोडा जास्त असतो, आणि गाठही फोटोत पांढरीच दिसते. पांढऱ्यात पांढरं शोधायचं म्हणजे अवघडच. म्हणून डॉक्टर जोडीला सोनोग्राफी सांगतात. ती सांगितली की घाबरून जाऊ नका.

मागे एक बाई जवळजवळ रडवेल्या होऊन आल्या. वर्षभर न चुकता पुण्यातल्या तळजाई टेकडीवर चालल्या, आठ किलो उतरवले, आणि रिपोर्टात ‘बी’चं ‘सी’ झालेलं (डेन्सच्या ‘ए’ ते ‘डी’ अशा चार पायऱ्या असतात, ‘डी’ सगळ्यात डेन्स). “चालून उलटंच झालं की!” मी दोन्ही वर्षांचे फोटो शेजारी लावले. प्लेटमध्ये दाबल्यावर स्तनाची जाडी किती भरते ते मशीन मिलिमीटरमध्ये दाखवतं. आदल्या वर्षी ६२, यंदा ५१. पांढरा भाग होता तेवढाच होता. भोवतीची चरबी गेली होती. खिचडीतला तांदूळ कमी केला की डाळ जास्त दिसते, तसं. डाळ कुणी वाढवलेली नसते. डॉक्टरांनीही त्यांना तेच सांगितलं, पण खिचडी माझी.

कॅनडात अल्बर्टा प्रांतात यावर नीट अभ्यास झालाय. पाळी गेलेल्या, ५० ते ७४ वयाच्या ३२० बायका घेतल्या. अर्ध्यांना वर्षभर, आठवड्यातले पाच दिवस, रोज ४५ मिनिटं दम लागेल असा व्यायाम दिला. बाकीच्यांचं नेहमीसारखं चालू. २०१० मध्ये निकाल आले. फोटोतल्या पांढऱ्या भागात दोन्ही गटांत म्हणावा असा फरक नव्हता. पण व्यायाम करणाऱ्यांच्या अंगावरची चरबी उतरली होती आणि रक्तातलं इस्ट्रोजेनही घटलं होतं.

मला हे इस्ट्रोजेनचं शेवटचं वाक्य महत्त्वाचं वाटतं. पाळी गेल्यावर अंडाशय थंडावतं, पण इस्ट्रोजेन बनायचं थांबत नाही; ते चरबीत बनत राहतं. पोटावरचा टायर हा त्या वयातला इस्ट्रोजेनचा कारखाना, आणि जास्तीचं इस्ट्रोजेन स्तनाच्या कॅन्सरला खतपाणी घालतं. चालणाऱ्या बायकांमध्ये पाळीनंतरचा स्तनाचा कॅन्सर कमी आढळतो, त्यामागचं हे एक कारण. फायदा रक्तात होतो, माझ्या मशीनला तो दिसत नाही. तेव्हा चालण्याचे मार्क फोटोवरून देऊ नका.

वर्षाकाठी डॉक्टरांकडून हातानं तपासून घेणंही टाळू नका. मुंबईत टाटा हॉस्पिटलनं दीड लाखावर बायकांचा वीस वर्षं मागोवा घेतला. मशीन नाही, फक्त शिकवलेल्या आरोग्यसेविकांचे हात. तरी पन्नाशीपुढच्या तपासलेल्या बायकांमध्ये या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले.

तळजाईच्या बाई यंदाही आल्या होत्या. सकाळी चालून, अंघोळ करून, छान पावडर लावून! पावडरचे कण फोटोत कॅल्शियमच्या ठिपक्यांसारखे दिसतात. ओल्या कापसानं सगळं पुसायला लावलं आणि मगच प्लेट खाली घेतली.