आजीचे सोडे आणि टोकियोतली दाशी

दाशी, म्हणजे जपानी स्वयंपाकातलं मूळ सार, करताना पाणी उकळायच्या जरा आधी शेजारच्या जपानी आजींनी कोम्बूची, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाची पट्टी पातेल्यातून बाहेर काढली. मग मूठभर कात्सुओबुशी सोडलं. धुरी देऊन वाळवलेल्या माशाचे ते कागदासारखे पातळ काप. त्या वाफेचा वास नाकात गेला आणि मी टोकियोतून थेट दादरच्या आमच्या स्वयंपाकघरात पोचले. सोडे!

मे महिन्यात वर्षाचा मसाला कुटून झाला की आजी मला घेऊन बाजारात कोळणीकडे जायची. सोललेली, उन्हात वाळवलेली कोळंबी, विटकरी रंगाची. आजी एक सोडा हातात घेऊन मोडायची. कटकन मोडला तर घ्यायचे. वाकला तर आत ओल आहे, पावसाळ्यात बुरशी धरणार. पुढे जून-जुलैत मासेमारी बंद असायची, ताजी मासळी मिळायची नाही, तेव्हा ती काचेची बरणी खाली यायची.

आठ माणसांच्या वांगं-बटाट्याला मोजून दहा-बारा सोडे. आधी धुऊन वाळू काढायची, मग वाटीभर पाण्यात भिजवायचे. लसणाच्या फोडणीत सोडे परतले की वास जिन्यापर्यंत जायचा. भिजवलेलं पाणीही आजी रश्शातच घालायची. 'नुसत्या वांग्याला काय गोडी? चार सोडे पडू देत, मग बघ.' ही गोडी साखरेची नव्हे, हे मासे खाणाऱ्या घरात कुणाला सांगावं लागत नाही.

इथे त्याच चवीला उमामी म्हणतात. 1908 साली किकुनाए इकेदा या टोकियोतल्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी कोम्बूतून ही चव देणारं ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला हे नाव दिलं. पुढच्याच वर्षी ते अजिनोमोटो म्हणून विकायला आलं. आपल्याकडे चायनीजच्या गाडीवर असतं, तेच. 1913 मध्ये त्यांचे शिष्य शिंतारो कोदामा यांना कात्सुओबुशीत तशीच चव देणारं इनोसिनेट सापडलं. ही दोन्ही एकत्र आली की चव कितीतरी पटींनी वाढते, म्हणून दाशीत दोन्ही लागतात. हे वाचताना मला आजीचा टोमॅटो आठवला. कोकम घातलं तरी सोड्यांच्या भाजीत तिला एक पिकलेला टोमॅटो हवाच असायचा, आणि टोमॅटोतही ग्लुटामेट भरपूर असतं. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. तिची जीभ पक्की होती. मला आज तिचा फार अभिमान वाटतो.

परवा इथली सुकवलेली कोळंबी आणून वांगं-बटाटा केला. शेजारच्या आजींना वाटीभर दिला. त्यांनी डोळे मिटून रस्सा प्यायला आणि पहिला प्रश्न विचारला, 'भिजवलेलं पाणी घातलंस ना?' मला एकदम भरून आलं.

मे महिन्यात मुंबईला येतेय. आईला सांगून ठेवलंय, सोडे मी आल्यावरच घे. मोडून मला बघायचेत.